मुकी झालेली पेटी

पहाटेच्या काळोखात जात्याची घरघर सुरू व्हावी आणि तिच्या लयीत ओवीचे सूर मिसळावे, हा अनुभव आपल्या आजीपणजींना रोजचाच होता. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. जाती कोपऱ्यात गेली आणि त्यांच्याबरोबर ओव्याही हळूहळू विस्मरणात जाऊ लागल्या. मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो, तेथील मुलामुलींनी एका वर्षी ठरविले, की गावातील वृद्ध स्त्रियांकडे जावे, त्यांना जेवढ्या ओव्या आठवतील तेवढ्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित कराव्या आणि त्यांचा संग्रह शाळेत ठेवावा. दोन वर्षे हे काम मोठ्या उत्साहाने चालले. कोणी ओसरीवर बसून गायिली, कोणी जात्याला हात लावल्याखेरीज ओवी आठवतच नाही म्हणून मुद्दाम मूठभर ज्वारी दळावयास घेतली. हा सारा संग्रह एका बाह्य हार्ड डिस्कवर साठवून ती लहानशी काळी पेटी आम्ही कपाटात ठेवून दिली.

पुढे एका समारंभासाठी ती पेटी बाहेर काढून संगणकाला जोडली. पेटीवरचा दिवा क्षणभर लुकलुकला, आतून 'टक टक' असा आवाज आला आणि ती गप्प झाली. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. मधल्या काळात ओव्या गाणाऱ्या स्त्रियांपैकी चौघीजणी हे जग सोडून गेल्या होत्या. त्यांचा आवाज त्या पेटीखेरीज कोठेही उरला नव्हता. त्यांच्यापैकी एकीची नात तेव्हा सातवीत शिकत होती. ती दाराशी उभी राहून सारे पाहत होती. तिने मला विचारले, "गुरुजी, आजीचा आवाज आता गेला का हो?"

या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी मला देता आले नाही. पुढील काही आठवडे आमचे संगणकाचे शिक्षक आणि मुले ते शोधीत होती आणि मीही त्यांच्याजवळ बसून शिकत होतो. त्यातून एक गोष्ट मला उमगली. पेटी मुकी झाली म्हणजे तीत साठविलेली माहिती नष्ट झालीच, असे नव्हे. पुष्कळदा माहिती जागच्या जागी सुरक्षित असते, आणि ती नष्ट होते ती आपण घाईने केलेल्या उपचारांनी. हे असे का, हे समजण्यासाठी प्रथम त्या पेटीच्या आत काय असते ते पाहू.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ साली झाला. अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने त्या वर्षी जे पहिले यंत्र बाजारात आणले, त्यात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात अवघी ५० लाख अक्षरे मावत. आज एक टेराबाइटची हार्ड डिस्क तळहातावर मावते आणि तीत एक लाख कोटी बाइट, म्हणजे त्या पहिल्या यंत्राच्या सुमारे दोन लाख पट माहिती राहते. आकार एवढा बदलला, तरी कार्याचे तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

पेटीच्या आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. या थरातील सूक्ष्म ठिकाणांना एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकत्व दिले, की त्यांतून शून्य आणि एक या दोन खुणा तयार होतात. आपली अक्षरे, चित्रे आणि गाणी, सारी या दोन खुणांच्या लांबच लांब रांगांत लिहिली जातात. वीज बंद केली तरी हे चुंबकत्व जात नाही. म्हणूनच माहिती टिकते.

तबकडी मिनिटाला बहुधा ५,४०० वेळा फिरते. म्हणजे तिची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने, एखाद्या धावत्या एस.टी. गाडीप्रमाणे पळत असते. तिच्यावरून एका बारीक दांड्याच्या टोकाशी बसविलेले वाचक टोक इकडून तिकडे सरकते. त्यास तंत्रज्ञ 'हेड' म्हणतात. हे हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीबरोबर जी हवा वाहते, तिच्या गादीवर ते तरंगते. दोघांमधील अंतर केवळ काही नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल. धुळीचा एक कणही येथे मोठ्या धोंड्यासारखा आडवा येतो. चालू पेटीला धक्का लागला, की हेड तबकडीवर आदळते आणि चुंबकीय थर खरवडून निघतो. जेथला थर गेला, तेथली माहिती मात्र कायमची गेली. चालू हार्ड डिस्क हलवू नये, असे जे सांगतात त्याचे कारण हे होय.

या यंत्राखेरीज पेटीत आणखी एक लहानशी पट्टी असते. तिच्यावरील विद्युत् घटक यंत्राची भाषा यूएसबीच्या भाषेत आणून संगणकापर्यंत पोचवितात. पेटी आणि संगणक यांना जोडणारी केबल तर आपल्या डोळ्यांसमोरच असते. म्हणजे दोष चार ठिकाणी असू शकतो: एक, केबल आणि तिच्यातून मिळणारी वीज, दोन, जोडणीची पट्टी, तीन, प्रत्यक्ष फिरणारे यंत्र, आणि चार, तबकडीवर लिहिलेली माहितीची मांडणी. चांगला वैद्य आधी नाडी पाहतो आणि मगच औषध देतो. येथेही तोच नियम पाळावा. दोष बाहेरून आत शोधीत जावे, आणि जे केल्यावर मागे फिरता येणार नाही असे काहीही, निदान होण्यापूर्वी करू नये.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. पेटीवरचा दिवा लागतो का, हाताला किंचित कंप जाणवतो का आणि कोणता आवाज येतो, याकडे लक्ष द्यावे. दिवाच लागत नसेल, तर प्रथम केबल बदलून पाहावी. केबल बाहेरून धडधाकट दिसली, तरी वारंवार मुडपल्यामुळे तिच्यातील बारीक तारा तुटलेल्या असू शकतात. त्यानंतर संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी छिद्रात पेटी जोडावी. जुन्या प्रकारचे, यूएसबी २.० हे छिद्र ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीजप्रवाह देते, तर यूएसबी ३.० हे छिद्र ९०० मिलिअँपिअरपर्यंत देते. स्थिर तबकडीला गती देताना मोटरला अधिक प्रवाह लागतो. तेवढा मिळाला नाही, की मोटर उठते आणि पुन्हा बसते. एका छिद्रातून अनेक छिद्रे काढणारा जोड मध्ये असेल, तर तोही काढून पेटी थेट संगणकाला जोडावी. एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. कारण रुग्ण पेटी आहे की संगणक, हेच कधी कधी ठाऊक नसते.

आमच्या पेटीच्या बाबतीत दोषाचा अर्धा भाग येथेच सापडला. आमच्या शिक्षकांनी नवी केबल आणून पेटी दुसऱ्या संगणकाच्या मागील छिद्रात जोडली, तेव्हा टकटक थांबली आणि तबकडी एका सुरात फिरू लागली. जुन्या केबलीतून तिला पुरेशी वीज मिळत नव्हती. मुलांनी टाळ्या वाजविल्या. शिक्षक मात्र गंभीर राहिले. पुढे त्यांनी मुलांना सांगितले, की नव्या केबलीनेही टकटक थांबली नसती, तर त्यांनी त्याच क्षणी वीज तोडली असती. पुरेशी वीज असूनही टकटक किंवा खरखर येत राहते, तेव्हा हेड बिघडलेले असण्याचा किंवा ते तबकडीला घासत असल्याचा संभव फार असतो. अशा वेळी पेटी पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसाला चालावयास लावण्यासारखे होय.

तबकडी फिरू लागली, तरी ओव्या काही दिसेनात. उलट संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उमटली. ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल, करावयाची काय? असा तिचा आशय होता. माऊस हाती असलेला विद्यार्थी उत्साहाने म्हणाला, "सर, होय म्हणू ना?" शिक्षक जवळजवळ ओरडलेच, "थांब रे बाबा! नाही म्हण."

त्या एका शब्दावर आमच्या दोन वर्षांच्या कामाचे भवितव्य अवलंबून होते. ते कसे, हे ग्रंथालयाच्या दृष्टान्ताने समजेल. मोठ्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाची एक नोंद असते. तीवरून पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते कळते. समजा, नोंदींचा खण कोणी उलटापालटा केला किंवा जाळून टाकला. आता ग्रंथपालाला एकही पुस्तक सापडणार नाही. परंतु म्हणून पुस्तके नाहीशी झाली का? ती आपापल्या फळीवर निमूटपणे उभीच आहेत. हार्ड डिस्कवरही अशीच एक अनुक्रमणिका असते. कोणत्या नावाची फाइल तबकडीवर कोठे आहे, हे संगणक तीवरून जाणतो. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, किंवा संगणकाला न सांगता केबल उपटून काढली, तर ही अनुक्रमणिका अर्धवट राहून बिघडू शकते. मग संगणकाला ती डिस्क कोरीच वाटते आणि तो नवी अनुक्रमणिका मांडण्याची परवानगी मागतो. आपण 'होय' म्हटले, की जुन्या अनुक्रमणिकेचे उरलेसुरले अवशेष पुसले जातात. आणि पूर्ण स्वरूपाचे फॉरमॅट केले, तर संपूर्ण तबकडीवर शून्ये लिहिली जाऊन माहितीही जाते. आमच्या पेटीची केबल कोणी केव्हातरी मध्येच उपटली असावी. ती कोणी, याची चौकशी आम्ही केली नाही. कारण तशी ती आम्ही सर्वांनीच कधी ना कधी उपटली होती.

चुकून पुसलेल्या फाइलींनाही हाच दृष्टान्त लागू पडतो. फाइल पुसली म्हणजे तिची नोंद काढली जाते. पुस्तक फळीवरच राहते. मात्र आता ती फळी रिकामी आहे, असे ग्रंथपाल समजतो. नवे पुस्तक आले, की तो जुने काढून नवे तेथे ठेवतो. यास्तव हरवलेली माहिती परत मिळवावयाची असेल, तर पहिला नियम असा, की त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. एखादी फाइल नकलून ठेवू नये, दुरुस्तीचा कार्यक्रमही त्याच डिस्कवर उतरवू नये आणि सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवू नयेत. संगणकात डिस्कचे दोष सुधारण्याची जी सोय असते, तीसुद्धा या वेळी वापरू नये. कारण सुधारताना तीही डिस्कवर लिहिते.

विंडोज प्रणालीच्या संगणकात 'डिस्क मॅनेजमेंट' नावाची एक सोय आहे. जोडलेल्या सर्व डिस्का तेथे दिसतात. कधी कधी डिस्क निरोगी असते, परंतु तिला ओळखीचे अक्षर मिळालेले नसते. ते दिले, की ती लगेच दिसू लागते. असे झाल्यास थोडक्यात निभावले म्हणावयाचे. डिस्क तेथेही दिसत नसेल, तर दोष पट्टीत किंवा यंत्रात आहे, असे समजावे. आमची डिस्क दिसत होती, तिचा आकारही बरोबर होता. मात्र तिच्यावरील मांडणी संगणकाला वाचता येत नव्हती. म्हणजे दोष चौथ्या ठिकाणी, अनुक्रमणिकेत होता.

आता काम सुरू झाले. शिक्षकांनी प्रथम तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क मागविली. जुन्या डिस्कवरील खुणांची, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, जशीच्या तशी प्रतिकृती नव्या डिस्कवर उतरवावयाची, आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतिकृतीवर करावयाचे, असा त्यांचा बेत होता. प्रयोग फसला, तरी मूळ डिस्क अबाधित राहते. या कामासाठी डीडीरेस्क्यू नावाचा एक विनामूल्य कार्यक्रम आहे. त्याची रीत मोठी शहाणपणाची आहे. वाचण्यास सोपा असलेला भाग तो आधी उतरवून घेतो. जेथे अडखळते ती जागा सोडून पुढे जातो आणि तिची नोंद ठेवतो. शेवटी त्या अवघड जागांकडे परत वळतो. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवावे, असे आम्ही शिक्षक तुम्हांला सांगत असतो, त्यातलाच हा प्रकार. हार्ड डिस्क मरणोन्मुख असेल, तर तिचे उरलेले थोडे आयुष्य अवघड जागी खर्ची पडू नये, हा यातील हेतू होय. आमच्या डिस्कच्या प्रतिकृतीला एक संपूर्ण दिवस लागला. काही थोड्या जागा अखेरपर्यंत वाचता आल्याच नाहीत.

त्यानंतर प्रतिकृतीवर टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे दोन कार्यक्रम चालविले. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी हे दोन्ही तयार केले असून ते कोणासही विनामूल्य वापरता येतात. पहिला कार्यक्रम बिघडलेली मांडणी पुन्हा उभी करण्याचा यत्न करतो. आमच्या बाबतीत तो यशस्वी झाला नाही. दुसरा कार्यक्रम अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. तो थेट पानांकडे वळतो.

तुम्ही जुन्या पोथ्या पाहिल्या असतील. त्यांची पाने शिवलेली नसतात, सुटी असतात. समजा, दहा पोथ्यांची पाने एकत्र मिसळली आणि कोणती पोथी कोठे ठेवली होती, हे सांगणारा वहीचा कागदही हरवला. तरी धीर सोडण्याचे कारण नाही. ज्या पानाच्या आरंभी 'श्रीगणेशाय नमः' आहे, तेथे एक पोथी सुरू होते, हे कोणीही ओळखील. संगणकातील फाइलींचेही असेच असते. प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या आरंभी त्या प्रकाराची ठरावीक खूण असते. छायाचित्राची वेगळी, छापील पानांची वेगळी आणि ध्वनीची वेगळी. फोटोरेक सारी तबकडी पानामागून पान चाळतो, ही खूण दिसताच थांबतो आणि तेथून पुढची फाइल उचलून बाजूला ठेवतो. एक उणीव मात्र राहते. फाइलींची नावे अनुक्रमणिकेत असतात आणि ती तर गेलेली असते. म्हणून सापडलेल्या फाइलींना नावांऐवजी केवळ क्रमांक मिळतात. शिवाय एखादी फाइल तबकडीवर तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली असेल, तर तिचा पहिला तुकडाच हाती येण्याचा संभव असतो.

आमच्या हाती अशा क्रमांकांच्या शेकडो ध्वनिफिती आल्या. कोणती कोणाची, हे संगणक सांगू शकत नव्हता. तेव्हा मुलांनी काम वाटून घेतले. शाळा सुटल्यावर ती कानाला यंत्र लावून बसत आणि एकेक फीत ऐकत. आवाजावरून, ओवीतल्या गावांच्या नावांवरून, मागे ऐकू येणाऱ्या कोंबड्यावरून ती घरे ओळखत. एके संध्याकाळी ती सातवीतली मुलगी ऐकता ऐकता एकदम स्तब्ध झाली. तिने कानावरचे यंत्र काढून माझ्या हाती दिले. मी ऐकले. ओवी सुरू होण्यापूर्वी कोणी वृद्ध स्त्री म्हणत होती, "अगं, आधी ते दार लोटून घे, वारा येतो." ते वाक्य त्या नातीला उद्देशून होते.

सारे मिळाले असे नाही. चौघींपैकी तिघींच्या ओव्या मिळाल्या. त्यांपैकी एकीची फीत मध्येच तुटते. चौथीचा आवाज बहुधा त्या न वाचलेल्या जागांत होता. तो काही मिळाला नाही. तिच्या घरी जाऊन तसे सांगण्याचे काम मी केले. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतके अवघड काम मला क्वचितच करावे लागले असेल.

प्रत्यक्ष यंत्रच बिघडले असेल, तर घरी काही करू नये. पेटी उघडून पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु उघडताक्षणी आत धूळ जाते, आणि धूळ काय करते ते आपण पाहिलेच आहे. बिघडलेली डिस्क काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी, असाही एक सल्ला लोक देतात. थंड पेटी बाहेर काढली, की तिच्यावर दव जमते. तेव्हा हा उपाय अपायच होय. अशा डिस्का विशेष प्रयोगशाळांत पाठवाव्या लागतात. तेथे धूळविरहित हवेच्या खोलीत पेटी उघडतात, बिघडलेले हेड काढून त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवितात आणि माहिती उतरवून घेतात. हे काम खर्चाचे असते, आणि यशाची हमी कोणीही देत नाही.

तरीही अशा प्रयोगशाळांनी काय साध्य केले आहे, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकेचे अंतराळयान पृथ्वीकडे परत येत असता आकाशातच भंगले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी त्यात मृत्यू पावले. यानात झेनॉन या वायूच्या गुणधर्मांविषयी एक प्रयोग चालू होता. त्याची काही माहिती उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पाठविली गेली होती. बाकीची एका हार्ड डिस्कवर होती. पुढे कित्येक महिन्यांनी अवशेषांत ती डिस्क सापडली. तिचे धातूचे आणि प्लास्टिकचे भाग जळून वितळले होते. एका तज्ज्ञ कंपनीने तिच्या तबकड्या काढून स्वच्छ केल्या आणि नव्या यंत्रात बसविल्या. तबकड्यांना खड्डे पडले होते. परंतु डिस्क अर्धीच भरलेली होती आणि इजा झाली ती न लिहिलेल्या भागाला. जवळजवळ सारी माहिती परत मिळाली, आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी तो प्रयोग अंतराळात नेला, ते परत आले नाहीत. त्यांचे काम मात्र परत आले.

ही गोष्ट ऐकून हार्ड डिस्क अमर असते, असा समज कोणी करून घेऊ नये. इजा दुसऱ्या भागाला झाली असती, तर काहीच हाती आले नसते. शिवाय हल्ली पुष्कळ बाह्य पेट्यांत तबकडी नसतेच. त्यांत माहिती विद्युत्भाराच्या रूपाने सूक्ष्म पेशींत साठविली जाते. त्यांना एसएसडी म्हणतात. धक्क्याने त्यांचे फारसे बिघडत नाही, परंतु त्यांचे दोष वेगळे आहेत. त्यांतील काही पेट्या पुसलेल्या फाइलीची जागा आपणहून झाडून साफ करतात. मग फळीवर पुस्तक उरतच नाही. दीर्घकाळ विजेवाचून पडून राहिल्यास त्यांतील विद्युत्भारही हळूहळू ओसरू शकतो.

तेव्हा खरा उपाय रोग झाल्यावर करावयाचा नसून आधीच करावयाचा आहे. मोलाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या किमान दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी, म्हणजे आग, पूर किंवा चोरी यांत साऱ्या एकदम जाणार नाहीत. अधूनमधून त्या उघडून पाहाव्यात. कारण न तपासलेली प्रत म्हणजे केवळ समाधान होय.

हे शहाणपण आपल्याला नवे नाही. तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या आणि त्या कोरड्या वर आल्या, अशी आख्यायिका आपण ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ कोणी कसाही लावो. अभंग टिकले, कारण ते घरोघरी लोकांच्या मुखी होते आणि अनेकांच्या वह्यांत उतरले होते, हे मात्र खरे. आम्ही दोन वर्षांचे श्रम एकाच पेटीत ठेवले आणि निश्चिंत झालो, ही आमची चूक होती. चूक केबलीची नव्हती.

आता त्या ओव्यांची एक प्रत शाळेत आहे, एक दुसऱ्या गावी एका शिक्षकांच्या घरी आहे आणि एक इंटरनेटवरील साठवणीच्या जागेत आहे. याखेरीज प्रत्येक आजीच्या घरी तिच्या ओव्यांची वेगळी प्रत मुलांनी नेऊन दिली. चौथ्या घरी देण्यासारखे काही नव्हते. परंतु त्या आजींच्या सुनेला सासूच्या दोन ओव्या पाठ होत्या. मुलांनी त्या तिच्या आवाजात मुद्रित केल्या. आणि पेटी बंद करण्यापूर्वी, कोणी न सांगता, त्यांच्या तीन प्रती करून ठेवल्या.